पडद्यावरचा एकटा माणूस

(मालेगाव, जि. वाशीम येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याचा बाज कायम ठेवून छपाईसाठी थोडा हात फिरवला आहे.)



मालेगावला व्याख्यानाला चाललोय असं मुंबईत सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘ते सिनेमावालं मालेगाव?’ ते नाशिक जिल्ह्यातलं, हे आपलं वाशीम जिल्ह्यातलं, अकोल्याहून वाशीमला जाताना लागतं, एवढं सांगून होईपर्यंत त्याचं लक्ष उडालेलं असतं. पण आजच्या विषयापुरतं मी त्या दुसऱ्या मालेगावाला सोडणार नाही. तिथल्या हौशी मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. शेख नासिर आणि त्यांचे सवंगडी यंत्रमागाच्या गावात, खिशाला परवडेल तेवढ्यात सुपरमॅन उडवायला निघालेले आहेत. पळत्या माणसाबरोबर कॅमेरा न्यायचा तर सायकल, कॅमेरा उंचावर न्यायचा तर बैलगाडी, आणि आकाशात उडायचं तर पाठीमागे हिरवं कापड. त्यांचा सुपरमॅन खरा उडत नव्हता हे बघणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तरी लोक आनंदाने बघत होते. त्या सगळ्या खटाटोपात फसवणूक नावालाही नव्हती.

आज मी ज्या धंद्याबद्दल बोलणार आहे त्याची तऱ्हा उलटी आहे. तिथे यंत्रं महागडी असतात, माणसं तज्ज्ञ असतात, आणि सगळा भर ‘हे खरं आहे’ असं म्हणण्यावर असतो. जंगलात सोडलेला माणूस, विहिरीएवढ्या पेटीत सापांबरोबर झोपलेली नटी, हेलिकॉप्टरला लटकलेला गायक. या कार्यक्रमांत खरं किती आणि रचलेलं किती, असा विषय संयोजकांनी दिला. मला तो आवडला, कारण विदर्भातल्या कॉलेजांत हा प्रश्न मला पोरं विचारतातच. विचारण्याचं कारणही जवळचं आहे. अमरावतीचा शिव ठाकरे २०१७ मध्ये ‘रोडीज’मध्ये दिसला, २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व जिंकला, हिंदीत उपविजेता झाला आणि २०२३ मध्ये ‘खतरों के खिलाडी’च्या तेराव्या पर्वासाठी केप टाऊनला पोचला. आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या बाजूचा पोरगा. तो सापाच्या पेटीत हात घालतो तेव्हा इथल्या घरात कुणीतरी म्हणतंच, ‘काही नाही रे, सगळं ठरलेलं असतं.’ आणि दुसरा म्हणतो, ‘अरे, घाम तर बघ त्याचा.’

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. घाम खरा असतो आणि बरंचसं ठरलेलं असतं. पण ठरलेलं नेमकं काय असतं, याबद्दल आपला अंदाज चुकतो. आपण साप खोटा का ते तपासत बसतो. साप खरा असतो. दोर खरा, पाणी खरं, उंची खरी. माझं म्हणणं असं की या कार्यक्रमांतली सगळ्यांत मोठी रचलेली गोष्ट म्हणजे त्या माणसाचा एकटेपणा. तो सांभाळायला जेवढी माणसं राबतात, तेवढी सापाला सांभाळायलाही लागत नाहीत.

थोडं मागे जाऊ. भारतीय माणसाने कॅमेऱ्याने टिपलेली पहिली ‘खरी’ गोष्ट एका मराठी माणसाची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून या छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. ती चालू फडात अचानक टिपलेली कुस्ती नव्हे. कॅमेऱ्यासाठी मुद्दाम लावलेली होती. जागा ठरवलेली, वेळ ठरवलेली, पैलवान बोलावलेले. म्हणजे आपल्या माणसाने केलेलं वास्तवाचं पहिलंवहिलं चित्रीकरणच आयोजित होतं. तरी तिला नुरा कुस्ती म्हणता येणार नाही. पाठ टेकली ती कॅमेऱ्यासाठी टेकली असं कुणी म्हटलेलं नाही. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, केंब्रिजला रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परतले त्या स्वागताचं चित्रणही सावेदादांनीच केलं. तो प्रसंग मात्र कॅमेरा नसता तरी घडलाच असता.

हे दोन नमुने लक्षात ठेवा. घडणार होतं ते टिपलं, आणि टिपायचं म्हणून घडवलं. दुसऱ्या प्रकारात लगेच लबाडी आली असं मी मानत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टीने १९२२ मध्ये ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ काढला. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्याचं जिणं दाखवणारा हा चित्रपट आजही शिकवतात. त्यातल्या बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना आणि उजेड पुरेना, म्हणून घर अर्धं उघडं ठेवून बांधलं. नायकाचं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकरियाल्लाक होतं. त्या लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आल्या होत्या, पण पडद्यावर त्यांना भाल्याने शिकार करायला लावलं. पहिली गोष्ट मी सोडून देतो, कारण उजेड लागतोच. तिसरी मला टोचते. बंदूक लपवली की शिकारीतला धोकाच बदलला, आणि तो माणूस होता त्यापेक्षा शंभर वर्षं मागे ढकलला गेला.

आता आपल्या काळात या. बेअर ग्रिल्स हे नाव इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. हा इंग्रज गडी आधी सैन्यात होता, एव्हरेस्ट चढून आलेला, अंगात खरोखर दम असलेला. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’मध्ये तो निर्जन ठिकाणी उतरायचा आणि किडे खात, नद्या ओलांडत वस्तीपर्यंत पोचायचा. २००७ मध्ये त्याच्याच कार्यक्रमाच्या एका सल्लागाराने वर्तमानपत्राकडे तोंड उघडलं. काही रात्री रानात काढल्याचं भासवलं तेव्हा तो हॉटेलात होता. ज्या तराफ्यावरून तो निसटतो तो चमूने आधी बांधून पाहिला होता आणि मग सुटा करून त्याच्यापुढे ठेवला होता. रानटी म्हणून दाखवलेले घोडे भाड्याने आणलेले, माणसाळलेले होते. ब्रिटनच्या चॅनल फोरने खुलासा केला की हा निरीक्षणाचा माहितीपट नाही, जीव कसा वाचवावा ते शिकवणारा कार्यक्रम आहे. डिस्कव्हरीने भाग पुन्हा संकलित केले आणि सुरुवातीला सूचना घातली की काही प्रसंग दाखवण्यासाठी घडवलेले आहेत आणि चमू मदतीला असतो. सूचना आली म्हणून प्रेक्षक कमी झाले नाहीत. उलट त्यानंतरच तो जगभर पसरला.

इतका, की १२ ऑगस्ट २०१९ ला आपले पंतप्रधान त्याच्याबरोबर कॉर्बेटच्या जंगलात दिसले. त्या वेळी देशभर एक गमतीचा प्रश्न निघाला. मोदी हिंदीत बोलतायत, ग्रिल्स इंग्रजीत, मग याला त्याचं कळतंय कसं? स्वतः मोदींनीच ‘मन की बात’मध्ये खुलासा केला की ग्रिल्सच्या कानात एक छोटं बिनतारी यंत्र होतं आणि त्यातून तिथल्या तिथे भाषांतर ऐकू येत होतं. म्हणजे दोन माणसांच्या त्या गप्पांत एक तिसरा माणूस सतत बोलत होता. पडद्यावर मात्र दोघंच. शिवाय देशाचा पंतप्रधान रानात आहे म्हटल्यावर सुरक्षेचं कडं असणारच, हे सांगायला कुणा पत्रकाराची गरज नाही. नदीचं पाणी गार होतं हे खरंच. पण त्या काठावर नेमकी किती माणसं उभी होती, हे चित्रातून कळायचा मार्ग नाही.

एकटेपणा रचलेला असतो, असं म्हणतो ते यासाठी. पडद्यावर एकट्या माणसाचं चित्र दिसतं याचा अर्थ समोर कॅमेरावाला आहे. त्याच्यामागे आवाज टिपणारा, दिग्दर्शक, डॉक्टर, दोरांचा जाणकार, वाटाड्या, सामान वाहणारे. नायक कड्यावर पहिलं पाऊल ठेवतो ते आपल्याला समोरून दिसलं, तर वर कुणीतरी आधीच पोचलंय, तेही खांद्यावर कॅमेरा घेऊन. त्या माणसाने तो कडा कसा चढला त्याचा कार्यक्रम होत नाही.

कॅनडाचा लेस स्ट्राउड खरोखर एकटा जायचा. ‘सर्व्हायव्हरमॅन’ या त्याच्या कार्यक्रमात चमू नसे. कॅमेरे तोच वाहायचा, तोच लावायचा. आता विचार करा. माळरानावर तो दूर दूर चालत जातोय, लहान होत होत दिसेनासा होतोय, असं दृश्य त्याला हवं असेल तर काय करावं लागेल? कॅमेरा लावायचा, चालत जायचं, आणि मग तेवढंच अंतर परत येऊन कॅमेरा उचलायचा. मग पुन्हा तीच वाट. उपाशीपोटी एकेका दृश्यासाठी तिप्पट पायपीट. म्हणजे जो खरोखर एकटा होता त्यालाही एकटेपणाचा देखावा उभा करावाच लागला. या धंद्यातला मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलेला माणूस हाच, आणि तोही प्रत्येक भागात आपल्याच सोबतीला परत येत होता.

‘खतरों के खिलाडी’च्या जातीच्या कार्यक्रमांचं गणित वेगळं आहे. तिथे माणूस एकटा आहे असा दावाच नाही. सूत्रसंचालक आहे, बाकीचे स्पर्धक टाळ्या पिटतायत, कमरेचा पट्टा आणि त्याची तार कधीकधी स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या ‘फिअर फॅक्टर’चा हा देशी अवतार. २००८ पासून ‘कलर्स’वर चालतो आणि रोहित शेट्टी त्याचा चेहरा झालाय. त्याचे वडील एम. बी. शेट्टी हिंदी सिनेमात मारामाऱ्या करणारे आणि बसवणारे होते, त्यामुळे घरातूनच आलेला धंदा म्हणायला हरकत नाही. अशा कार्यक्रमात प्रत्येक करामत आधी साहसवीरांच्या चमूने करून पाहिलेली असते. वजन किती, वारा किती, दोर किती ताणेल, पाण्यात किती वेळ. पाण्याखाली पेटीतून सुटायचं असेल तर चौकटीच्या कडेला पाणबुडे श्वासाची नळी घेऊन तयार असतात. साप सहसा बिनविषारी. मरणाची शक्यता जेवढी खाली आणता येईल तेवढी आणलेली असते, आणि ती तशी आणलीच पाहिजे. चार घटकांच्या करमणुकीसाठी कुणाचा जीव टांगणीला लावावा असं कोण म्हणेल?

तरी घाम खरा असतो, कारण शरीराला दोराचं आश्वासन पटत नाही. तीस मजले उंचीवरून खाली पाहिलं की छाती धडधडायची ती धडधडतेच. भीती आणि धोका या वेगळ्या गोष्टी आहेत. हे कार्यक्रम भीती विकतात आणि धोका काढून घेतात. आपल्याकडे यात्रेत मौत का कुआँ येतो. फळ्यांच्या त्या विहिरीत मोटारसायकल भिंतीवरून फिरते तेव्हा आपण काठावर उभे असतो. फळ्या हलताना हाताला कळतात, खाली मेकॅनिक दिसतो, तिकीटवाला दिसतो, गड्याची पँट फाटलेली दिसते. तिथे धोका आणि भीती दोन्ही एकाच ठिकाणी, आणि लपवायला जागाच नाही. दूरचित्रवाणीला ती सोय आहे. काठ कुठला दाखवायचा ते तिच्या हातात असतं.

निकाल ठरलेले असतात का, हे मला नेहमी विचारतात. स्पर्धेच्या निकालाची मी तेवढी काळजी करत नाही, आणि त्याला एक जुनं कारण आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम तुफान गाजत होते. ‘ट्वेंटी-वन’मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा देखणा प्राध्यापक जिंकत राहिला. उत्तरं त्याला आधी दिलेली होती. १९५९ मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे कबुली दिली, आणि पुढच्या वर्षी अशा स्पर्धांचा निकाल आतून फिरवणं तिथे गुन्हा ठरलं. त्यामुळे तिथले निर्माते निकालाला हात लावताना दहादा विचार करतात. बाकी सगळ्याला लावतात. ‘सर्व्हायव्हर’चे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ मध्ये उघडपणे सांगितलं की काही दृश्यं बदली माणसं घेऊन पुन्हा चित्रित केली, कारण वरून घेतलेल्या चित्रात कॅमेरावाले दिसत होते. स्पर्धेवर त्याचा काही परिणाम नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बघा, अडचण कशाची झाली? इतर माणसं दिसण्याची. बेटावर स्पर्धकांखेरीज कुणी आहे हे दिसता कामा नये, एवढ्यासाठी दृश्य पुन्हा केलं.

मी काही वर्षं मुंबईत संकलनाच्या खोल्यांत काढली आहेत, त्यामुळे आता टेबलावरची गोष्ट सांगतो. दिवसभर अनेक कॅमेरे चालू असतात आणि त्यातून पाऊण तासाचा भाग निघतो. एका स्पर्धकाचं तोंड वाकडं झालेलं दृश्य असतं सकाळचं, उपम्याबद्दलचं. ते संध्याकाळच्या भांडणाला लावलं की तो मत्सरी ठरतो. वेगवेगळ्या वेळी बोललेले शब्द जोडून एक वाक्य तयार करतात, त्याला या धंद्यात ‘फ्रँकेनबाइट’ म्हणतात. आवाज ऐकू येतो तेव्हा पडद्यावर बोलणाऱ्याचं तोंड नसून झाड किंवा पाय असतील तर समजावं की जोडकाम झालंय. २००६ मध्ये अमेरिकेत ‘नेक्स्ट टॉप मॉडेल’ या कार्यक्रमाचं कथानक जुळवणाऱ्या माणसांनी संप केला. मागणी काय, तर आम्हाला लेखक म्हणा. ज्या कार्यक्रमाला लेखक नाही असं जग समजत होतं, त्याचे लेखक रस्त्यावर फलक घेऊन उभे होते.

एका साहसाच्या कार्यक्रमाचं चित्रण माझ्याकडे आलं होतं. नायक पावसाळी नदी ओलांडतोय, पाणी कमरेच्या वर, चेहऱ्यावर ताण. चौकटीच्या उजव्या कडेला एक कोपर दिसत होतं. गावातला कुणी माणूस वरच्या अंगाला पाण्यात उभा राहून दोर धरून होता, त्याचं. काळं, ओलं, शिरा ताणलेल्या. चित्र थोडं मोठं करून ते कोपर बाहेर काढायचं होतं, ते काढलं. नदी खरी होती, ओढ खरी होती, नायकाची भीतीही खरी होती. गेलं ते कोपर, आणि त्याच्याबरोबर ही माहिती गेली की त्या पाण्यात रोज उतरणारा, ते ओळखणारा माणूस तिथे होता आणि त्याच्याच भरवशावर बाकी सगळं चाललं होतं.

प्राण्यांच्या चित्रपटांवर थोडं बोललं पाहिजे, कारण तिथे आपला विश्वास अधिक आंधळा आहे. डिस्नेचा ‘व्हाइट विल्डरनेस’ १९५८ सालचा. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेतात. या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. चित्रण झालं कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही. प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले होते, गोल फिरणाऱ्या फळीवर त्यांना पळवलं, आणि नदीकाठच्या कड्यावरून खाली लोटलं. कॅनडाच्या सीबीसीने पुढे हे उघडकीला आणलं, तरी लेमिंग आत्महत्या करतात हे वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे. यात गंमत नाही, क्रौर्य आहे. त्या मानाने २०११ मध्ये बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’वर झालेला गलका मला अनाठायी वाटतो. हिमअस्वलाची नुकती जन्मलेली पिल्लं नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात चित्रित केली होती. बर्फाखालच्या खऱ्या गुहेत कॅमेरा घातला असता तर आईने पिल्लं टाकली असती किंवा कॅमेरावाला फाडला असता. निवेदनातच एक वाक्य घातलं असतं तर प्रश्न मिटला होता.

आणि आवाज! दूरवरच्या प्राण्याचं चित्र लांब पल्ल्याच्या भिंगातून येतं, पण आवाजाला तसं भिंग नाही. अर्ध्या किलोमीटरवरच्या हरणाचं पाऊल कुठल्याही माइकला ऐकू येत नाही. ते पाऊल नंतर बंद खोलीत वाजवलेलं असतं. बर्फावरची पावलं हवी असतील तर कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबतात. जगभर हेच चालतं, आणि त्याशिवाय ते चित्रपट मुके वाटतील. याला मी फसवणूक म्हणत नाही, कारण त्या आवाजावर हरणाचं जगणंमरणं अवलंबून नाही. माझी कसोटी ढोबळ आहे. जे लपवलं, त्याच्यावरच धोका उभा होता का? दोर लपवला तर हो. कोपर लपवलं तर हो. पावलाचा आवाज वाजवला तर नाही.

आपल्या मराठी वाहिन्यांनी साहसाचा एक स्वस्त आणि, खरं सांगायचं तर, हुशार प्रकार काढला. २०२३ च्या अखेरीला ‘झी मराठी’वर ‘जाऊ बाई गावात’ सुरू झालं. हार्दिक जोशी सूत्रसंचालक, आणि शहरातल्या मुली सातारा जिल्ह्यातल्या एका गावात येऊन राहणार. म्हशीची धार काढणं हा टास्क. शेण उचलणं हा टास्क. पुढे २०२५ मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन उलटा खेळ आला, ‘चल भावा सिटीत’. मी दोन्ही आवडीने बघितले, आणि त्या पोरींची धडपड मला खोटी वाटली नाही. पण इथे मालेगावात बसून तो पहिला कार्यक्रम बघताना एखाद्या माऊलीला काय वाटलं असेल? तिची रोजची सकाळ तिथे अवघड पातळी होती. आणि धार काढायला शिकवणारी गावातली बाई दोन मिनिटं येऊन जायची. तिला टास्क नव्हता. तिला म्हैस होती.

इथल्या माणसाला साहस हा शब्द वापरायची वेळच येत नाही. तुरीचं वावर रानडुकरं आणि रोही एका रात्रीत झोपवतात, म्हणून माणूस माळ्यावर जागलीला जातो. हातात बॅटरी, एखादा डबा वाजवायला, जवळ साप आहे की नाही ते माहीत नाही, आणि रात्रीची लाइन आली तर ओल्या पायांनी मोटार सुरू करायची. यात दोर नाही, डॉक्टर नाही, आणि तो खरोखर एकटा आहे. याचा कार्यक्रम कुणी करत नाही, कारण नऊ तासांत बहुतेक वेळा काहीच घडत नाही.

काहीच न घडणं, हीच खऱ्या साहसाची खूण असते, आणि याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे नावाचा तरुण एका काचेच्या खोलीत बसला. सोबत ७२ विषारी साप. मुक्काम ७२ तासांचा. नाग, घोणस, मण्यार अशी मंडळी अंगाखांद्यावरून फिरत होती आणि लोक काचेला नाक लावून बघत होते. आधीचा विक्रम दक्षिण आफ्रिकेतल्या माणसाचा होता, तो खैऱ्यांनी मोडला. हा सगळा कार्यक्रम आयोजित होता हे उघड आहे. साप आणलेले, खोली बांधलेली, वेळ जाहीर केलेली. सावेदादांच्या कुस्तीसारखाच. पण काच चारी बाजूंनी पारदर्शक होती आणि दिवसरात्र कुणीही येऊन बघू शकत होतं. त्यांना सिद्ध करायचं होतं की डिवचल्याशिवाय साप चावत नाही. म्हणजे पूर्ण ७२ तास काहीही न घडणं हाच त्यांचा विजय होता. पुढे पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने.

हाच प्रसंग आज एखाद्या वाहिनीने केला तर काय होईल? ७२ तासांतले चाळीस सेकंद निवडतील, ज्यात नागाने फणा काढला. त्याला ढोल लावतील. खैऱ्यांच्या कपाळावरचा घाम दुसऱ्या वेळचा घेऊन त्याला जोडतील. एकही साप खोटा नसेल, एकही चित्र खोटं नसेल, आणि प्रेक्षक घरी घेऊन जाईल ते शिक्षण नेमकं उलटं असेल. साप टपलेलाच असतो, हे. मला या कार्यक्रमांबद्दल खरी तक्रार आहे ती ही. आज गळ्यात नाग घालून मोबाइलसमोर उभे राहणारे हौशी सर्पमित्र खैऱ्यांच्या वाटेने गेलेले नाहीत, त्या चाळीस सेकंदांच्या वाटेने गेलेत.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर जुलै २०२४ ची घटना सांगतो. माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली. कोकणातल्या बचाव पथकांनी पावसात दरीत उतरून कित्येक तास खटपट करून तिला वर आणलं, पण ती वाचली नाही. तिला दोष द्यायला मी इथे उभा नाही. तिने पडद्यावर शेकडो वेळा कड्याच्या टोकावर एकटं माणूस उभं असलेलं पाहिलं असणार, जसं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या प्रत्येक चित्रात चौकटीबाहेर दोर धरलेला कुणीतरी होता. तिच्या चौकटीबाहेर तसा कुणी नव्हता. दोर घेऊन जे आले ते नंतर आले.

जाता जाता एका प्रवासाचा उल्लेख करतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ नावाचा तरुण वाघ, वनखात्याने ज्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं, जून २०१९ च्या अखेरीला नवा मुलूख शोधत निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली करत आपल्या शेजारून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. तोपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर झाले होते, आणि पुढेही तो फिरतच राहिला, सुमारे ३००० किलोमीटरपर्यंत. दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत, रात्री आपल्यासारख्यांच्या वावरांतून. गळ्यातल्या पट्ट्याने उपग्रहाला ठिकाणं कळवली, म्हणून हे माहीत झालं. चित्रण असं काही नाही, नकाशावरचे ठिपके आहेत. कुणा निर्मात्याला ते विकता आले नाहीत.

पण त्या ठिपक्यांच्या मागेही माणसं होती. वाघ कुठल्या गावाच्या शिवारात आहे ते पाहून रात्री मोटारसायकलवर पुढे जाणारे वनरक्षक, गावकऱ्यांना घरात थांबा म्हणून विनवणारे, गाय मारली गेली की पंचनाम्याला पोचणारे. या परिसरातले काही जण कदाचित आज या मंडपातही असतील. असतील तर माझी विनंती आहे की प्रश्नोत्तरांत माझ्याऐवजी त्यांना दहा मिनिटं बोलू द्यावं. माझी वेळ संपली, अध्यक्षांनी चिठ्ठीही पाठवली आहे.